मोटारसायकल न आवडलेला अभियंता

कोरादिनो दास्कानिओ हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु या माणसाने १९४५ साली कागदावर ओढलेल्या रेषा महाराष्ट्रातील निदान दोन पिढ्यांच्या संसाराचा भाग होऊन बसल्या होत्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. डाव्या मुठीने बदलावयाचे गिअर, पायांपुढची पत्र्याची ढाल, त्या ढालीमागे हँडल धरून उभे राहिलेले शाळकरी पोर, अडीअडचणीला बरोबर असलेली स्टेपनी आणि पायांमधल्या सपाट जागेत कधी दळणाचा डबा तर कधी गॅसचा सिलिंडर, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांनी दास्कानिओ यांचे कर्तृत्व पाहिलेच आहे. स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडे, तिच्या अंगावर बजाजचे नाव असे. तिची घडण मात्र इटलीतील पोंतेदेरा या गावी, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका विमानाच्या कारखान्यात ठरलेली होती.

इटलीच्या दुचाकी उद्योगात मोठ्या माणसांची वाण नाही. कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो येथे १९२१ साली आपला उद्योग मांडणारे कार्लो गुझ्झी किंवा बोलोन्याच्या डुकाटी कारखान्यात तीन दशकांहून अधिक काळ इंजिनाच्या झडपांचा एकच प्रश्न नाना अंगांनी सोडवीत राहिलेले फाबिओ ताल्योनी यांची नावे जगभरच्या शौकिनांच्या तोंडी आहेत. ही मंडळी मोटारसायकलीवर मनापासून प्रेम करणारी होती. शर्यतीच्या मैदानावर आपले यंत्र दुसऱ्याच्या पुढे कसे जाईल, हा त्यांचा ध्यास होता आणि त्या ध्यासातून त्यांनी जे निर्माण केले ते थोरच होय. दास्कानिओ या परंपरेत कोठेच बसत नाहीत. त्यांना मोटारसायकल मुळी आवडतच नसे. ती बसावयास अवघड, कपडे खराब करणारी आणि चाक पंक्चर झाले तर माणसाला रस्त्यावर हताश करून सोडणारी वस्तू आहे, असे त्यांचे मत होते. गंमत अशी की, २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्स येथे पियाजिओ कंपनीने त्यांच्या रचनेसाठी पेटंटचा जो अर्ज दाखल केला, त्यात त्या वस्तूचे वर्णन ‘मोटारसायकल’ असेच केलेले आहे. सरकारी कागदाला दुसरा शब्द ठाऊक नसावा.

दास्कानिओ यांचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ रोजी आब्रुत्सी या डोंगराळ प्रांतातील पोपोली या गावी झाला. लहानपणापासून त्यांचे लक्ष जमिनीपेक्षा आकाशाकडे अधिक होते. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला पुरती तीन वर्षेही झाली नसतील, तोच या पंधरा वर्षांच्या मुलाने गावाजवळच्या टेकडीवर स्वतः बांधलेल्या ग्लायडरचे प्रयोग सुरू केले होते. तूरिन येथील तंत्रविद्यालयातून १९१४ साली ते यंत्र अभियंता होऊन बाहेर पडले आणि पहिल्या महायुद्धात विमानदलाच्या कामात गुंतले. युद्धानंतर काही काळ त्यांनी अमेरिकेतही नशीब अजमावून पाहिले. पण ते तेथे रमले नाहीत. गावी परतल्यावर त्यांच्या मनाने घेतले ते हेलिकॉप्टरने. १९२५ साली बॅरन पिएत्रो त्रोयानी या धनिकाच्या साहाय्याने त्यांनी एक कंपनी काढली आणि पुढील काही वर्षे दोघांनी मिळून पैसा व बुद्धी या एकाच गोष्टीच्या पायी ओतली.

त्या काळी हेलिकॉप्टर हा शास्त्रज्ञांच्या चेष्टेचा नसला तरी अविश्वासाचा विषय होता. डोक्यावर एक पंखा फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने गरगरू लागते. शिवाय यंत्र पुढे सरकू लागले की पंख्याच्या एका बाजूच्या पात्याला वाऱ्याचा जोर अधिक मिळतो, दुसऱ्या बाजूला कमी, आणि सगळा डोलारा कलंडतो. दास्कानिओ यांनी एकाच आसावर परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे बसविले. पाती बिजागरीवर हलती ठेवली आणि त्यांच्या मागल्या कडेस छोट्या झडपा लावून फिरता फिरताच पात्यांचा कोन बदलण्याची युक्ती योजिली. तोल सावरण्यासाठी तीन लहान पंखे आणखी जोडले. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळील चाम्पिनो विमानतळावर मारिनेल्लो नेल्ली या वैमानिकाने हे यंत्र उडविले. ते १८ मीटर उंच गेले, ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले आणि त्याने १,०७८ मीटर अंतर कापले. एखाद्या उंच माडाच्या शेंड्याएवढी ही उंची आज कोणाला हसू आणील. परंतु हे तिन्ही आकडे तेव्हा जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले आणि काही वर्षे अबाधित राहिले.

एवढे होऊनही या विजयाचे चीज झाले नाही. त्रोयानी यांचा पैसा आटत गेला, सरकारचे औत्सुक्य टिकले नाही आणि १९३२ साली दास्कानिओ यांना पियाजिओ कंपनीत नोकरी धरावी लागली. तेथे त्यांनी उड्डाण चालू असताना पात्यांचा कोन बदलता येणारे विमानाचे पंखे तयार केले आणि त्यांत मोठे नाव मिळविले. हेलिकॉप्टरची कथा मात्र दुसऱ्यांच्या हाती गेली. फ्रान्समध्ये ब्रेगे, जर्मनीत फोके आणि १९३९ साली अमेरिकेत इगोर सिकॉर्स्की यांची यंत्रे उडाली, आणि पुढे हेलिकॉप्टर म्हटले की लोकांना सिकॉर्स्कीच आठवू लागले. सिकॉर्स्की यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. तथापि नऊ वर्षे आधी चाम्पिनोवर जे घडले त्याची आठवण शाळेच्या पुस्तकांतून सहसा आढळत नाही, ही गोष्ट दास्कानिओ यांना जन्मभर सलत राहिली, आणि तसे सलणे मानवी स्वभावाला धरूनच होते.

दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेरा येथील पियाजिओचा कारखाना इटलीच्या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांचे माहेरघर होता. साहजिकच तो दोस्त राष्ट्रांच्या विमानांचे लक्ष्य ठरला. युद्ध संपले तेव्हा तेथे छपरे नव्हती, यंत्रे विखुरलेली होती आणि पराभूत इटलीत नवी विमाने कोणी मागणारही नव्हते. हजारो कामगारांच्या हातांना काम द्यावयाचे होते. मालक एन्रिको पियाजिओ यांनी हिशेब केला तो असा: रस्ते फुटले आहेत, पेट्रोल महाग आहे, मोटार घेण्याची सामान्य माणसाची ऐपत नाही, अशा देशाला स्वस्त व साधे वाहन हवे आहे. त्यांच्या माणसांनी बिएला या गावी, जेथे युद्धकाळात कंपनीचे काही काम हलविले होते, एक छोटी स्कूटर बनवूनही पाहिली. तिचे नाव पडले ‘पापेरिनो’. डिस्नेच्या डोनाल्ड डकला इटलीत याच नावाने ओळखतात. तिचा मधला भाग उंच होता, त्यामुळे तीवर टांग टाकूनच बसावे लागे. पियाजिओंना ती पसंत पडली नाही. त्यांनी काम दास्कानिओ यांच्याकडे सोपविले. असेही सांगतात की, दास्कानिओ यांनी ही कल्पना आधी मिलानचे उद्योगपती फेर्दिनान्दो इन्नोचेन्ती यांच्यासाठी मनात घोळविली होती; पण इन्नोचेन्ती यांचा कारखाना पोलादी नळ्यांचा, त्यांना नळीची चौकट हवी होती, आणि तेथे दोघांचे जमले नाही. इन्नोचेन्ती यांची लॅम्ब्रेटा पुढे नळीच्या चौकटीवरच निघाली, एवढे मात्र खरे.

मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसाकडे मोटारसायकलीचे काम जावे, हा योग मोठा विलक्षण होता. या विषयातील जाणकाराने विद्यमान यंत्रात कोठे सुधारणा करता येईल याचा विचार केला असता. दास्कानिओ यांनी स्वतःच्या तक्रारी पुढे ठेवल्या आणि एकेकीला उत्तर शोधले. बसावयास अवघड? मग मधली आडवी नळी आणि पेट्रोलची टाकी गुडघ्यांमधून काढून टाकावी. माणसाने खुर्चीत बसावे तसे पाय जुळवून बसावे. पण नळ्यांची चौकट गेली तर भार कोण पेलणार? येथे विमानाचे ज्ञान कामी आले. विमानाच्या अंगाचा पत्रा हा नुसते आवरण नसतो, तो स्वतः भार वाहतो. तसाच वळविलेला व जोडलेला पोलादी पत्रा त्यांनी स्कूटरचे अंग आणि सांगाडा या दोन्हींसाठी वापरला. कपडे खराब होतात? मग इंजिन झाकून मागच्या चाकाच्या कुशीत बसवावे, आणि ते चाकाला थेट जोडले की चेनही नको, चेनचे वंगणही नको. पायाने गिअर बदलताना बुटाला डाग पडतो, म्हणून गिअर हातात आणले. समोरून उडणाऱ्या चिखलासाठी ढाल दिली. चाक बदलणे जिकिरीचे? विमानाच्या चाकाला जसा एकाच बाजूने आधार असतो, तसा पुढच्या चाकाला एका बाजूनेच दांडा दिला. चार नट सोडविले की चाक हातात यावे. दोन्ही चाके एकाच मापाची ठेवल्यामुळे एकच जादा चाक पुढे वा मागे कोठेही चालू शकले.

सप्टेंबर १९४५ पर्यंत पहिला नमुना उभा राहिला. इंजिन ९८ सी.सी.चे, शक्ती तीन अश्वशक्तीहून थोडी अधिक, वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत. रुंद मागचे अंग आणि बारीक कंबर पाहून, शिवाय त्या इंजिनाचा गुणगुणाट ऐकून, पियाजिओ यांना गांधीलमाशीची आठवण झाली आणि तोच इटालियन शब्द, व्हेस्पा, तिचे नाव होऊन बसला. मोटारसायकलीच्या जगाने तिचे स्वागत काही उत्साहाने केले नाही. विक्रीसाठी मोटो गुझ्झीच्या मंडळींना विचारणा झाली होती, त्यांनी ती नाकारली, आणि पहिल्या व्हेस्पा लान्चा मोटारींच्या विक्रेत्यांकडून विकल्या गेल्या. पहिल्या वर्षी २,४८४ व्हेस्पा बाहेर पडल्या, दुसऱ्या वर्षी १०,५३५. १९५६ च्या एप्रिलात ही संख्या दहा लाखांवर गेली. तिच्यावर झगा घातलेली स्त्री बसू शकत होती, पायघोळ अंगरखा घातलेला पाद्री बसू शकत होता, कचेरीत जाणारा कारकून कपड्यांची इस्त्री न मोडता बसू शकत होता. ज्यांनी उभ्या आयुष्यात मोटारसायकलीकडे वळून पाहिले नसते, असे हे गिऱ्हाईक होते. ‘रोमन हॉलिडे’ या १९५३ च्या चित्रपटाने तिला जगभर मिरविले; परंतु चित्रपट येण्यापूर्वीच इटलीच्या संसारात तिने पाय रोवलेले होते.

या रचनेत दोष नव्हते असे नाही. इंजिन एका अंगाला असल्यामुळे गाडीचा तोल जन्मतःच एका बाजूला झुकलेला. चाके लहान, म्हणून खड्डा मोठा वाटे आणि ओल्या रस्त्यावर घसरण्याची भीती फार. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे आणि धूर सोडीत जावे लागे. दास्कानिओ यांना या उणिवा दिसत नव्हत्या असे मानण्याचे कारण नाही. १९४५ च्या इटलीत, मिळेल त्या पत्र्यातून व मिळेल त्या यंत्रावर जे करता येणे शक्य होते त्याची ही तडजोड होती, आणि तडजोड म्हणून ती उत्कृष्ट होती.

१९४८ साली त्यांनी व्हेस्पाच्याच पुढच्या अंगाला मागे दोन चाके व सामान ठेवावयाची फळी जोडून ‘आपे’ हे तीनचाकी वाहन सिद्ध केले. आपे म्हणजे मधमाशी. पुणे-मुंबईच्या रस्त्यांवर ज्या रिक्षा धावू लागल्या त्यांचे कूळ येथपर्यंत पोहोचते. मोटारीसारखे चक्र नसलेले ते हँडल, डाव्या मुठीतले गिअर आणि पुढचे एकुलते छोटे चाक पाहिले की नाते सांगावे लागत नाही. दास्कानिओ यांच्या नावावर केवळ स्कूटर जमा करणे हे या दृष्टीने अपुरेच आहे. गरीब देशांच्या शहरांतून आजही भाड्याने धावणारे जे तिचाकी वाहन आहे, त्याच्या वंशावळीच्या आरंभी तेच उभे आहेत.

आपल्याकडे व्हेस्पा प्रथम आयात होऊन आली. बजाज समूहाला दुचाकी व तीनचाकी वाहने येथेच बनविण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पियाजिओच्या तांत्रिक सहकार्याने ती पुण्यात बनू लागली. मुंबईत ए.पी.आय.ची लॅम्ब्रेटाही होती, पुढे लखनौला सरकारी कारखान्यात तिच्याच यंत्रसामग्रीवर स्कूटर निघाली. पण महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाचे मन व्हेस्पाच्या कुळानेच जिंकले. १९७१ साली पियाजिओशी असलेला करार संपला, आणि १९७२ साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. नाव मेवाडचे, अंग पोंतेदेराचे. इटालियन अभियंत्याने पाद्र्यासाठी व झगा घातलेल्या स्त्रीसाठी मोकळी केलेली जागा धोतर नेसलेल्या गृहस्थाला व मागे एका बाजूस बसलेल्या पाचवारीतील गृहिणीला जणू मापाने शिवल्यासारखी बसली.

परंतु येथपासून कथेला जे वळण लागले ते विचार करावयास लावणारे आहे. दास्कानिओ यांच्या रचनेचा आरंभ गिऱ्हाइकाच्या गैरसोयीपासून झाला होता. भारतात तीच रचना अशा बाजारात आली की, जेथे गिऱ्हाइकाच्या गैरसोयीची विचारपूस करण्याची गरजच उरलेली नव्हती. परवान्यातील संख्येची मर्यादा कारखान्याला ओलांडता येत नसे; मागणी त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबणारे लोक होते आणि हाती आलेली गाडी त्याच दिवशी अधिक किंमतीने विकता येत असे. मुलाच्या मुंजीच्या वेळी नोंदविलेली स्कूटर तो महाविद्यालयात गेल्यावर दारी आली, अशा कथा त्या काळी विनोद म्हणून सांगितल्या जात नसत. रांगेत उभा असलेला माणूस तक्रार करीत नाही. सकाळी गाडी सुरू होईना की ती एका अंगाला कलती करावयाची, क्षणभर थांबावयाचे, सरळ करावयाची आणि मग किक मारावयाची, हा विधी घराघरांत नित्यकर्मासारखा चाले. प्लग काढून तो पुसून पुन्हा बसविण्याची विद्या बाप मुलाला शिकवी. एका अभियंत्याने घाईत केलेली तडजोड अशा रीतीने एका समाजाची सवय बनली, आणि त्या सवयीचे कौतुकही होऊ लागले. ती स्कूटर टिकाऊ होती, दुरुस्तीला सोपी होती, कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री ती खोलून जोडू शके, हे तिचे गुण खरेच आहेत. पण पोंतेदेरात १९४५ साली जो प्रश्न विचारला गेला होता तो दुसऱ्यांदा विचारण्यात चाळीस वर्षे गेली. याचा दोष एखाद्या कारखान्याच्या माथी मारण्यापेक्षा, संख्या व दर्जा या दोन्ही गोष्टी फायलीवर ठरविणाऱ्या धोरणाकडे अधिक जातो.

प्रश्न पुन्हा विचारला गेला तोही पुण्यातच. फिरोदिया घराण्याने जपानच्या होंडा कंपनीबरोबर १९८४ साली जी संयुक्त कंपनी काढली तिच्या स्कूटरला गिअर नव्हते आणि किक मारण्याची सक्ती नव्हती. बटण दाबले की ती सुरू होई. जिला कोणी चालवावयास शिकविले नव्हते अशी गृहिणी आता मागची बैठक सोडून पुढे आली. त्याच सुमारास जपानी सहकार्याने बनलेल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि नव्वदीनंतर त्यांनी स्कूटरला मागे टाकले. ज्या वाहनाला कंटाळून दास्कानिओ यांनी लेखणी उचलली होती, त्याच वाहनाने त्यांच्या मानसकन्येला भारतात हटविले. डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोने स्कूटर बनविणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. पियाजिओने मात्र १९९९ पासून बारामतीत तीनचाकी ‘आपे’ बनविण्यास आरंभ केला होता, जिला खेडोपाडी लोक ‘ॲपे’ म्हणतात, आणि २०१२ साली तेथेच व्हेस्पाही बनू लागली. चेतकचे नावही २०२० साली विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परत आले. तिला कलती करावी लागत नाही.

इकडे इटलीत दास्कानिओ यांचे मन व्हेस्पात कधी पुरते गुंतलेच नव्हते. पोंतेदेरात तिची लाखांची मोजणी चालू असताना ते हेलिकॉप्टरचे नवे नमुने उभे करीत होते. ‘पीडी ३’ युद्धकाळात झाले, ‘पीडी ४’ युद्धानंतर; पण अपघात आणि खर्च यांनी कंपनीचा धीर सुटला आणि पन्नाशीच्या दशकात तिने तो मार्गच सोडला. स्कूटरवर पैसा मिळत असता हेलिकॉप्टरवर तो घालविणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडणार? पिझाच्या विद्यापीठात ते अनेक वर्षे यंत्ररचना शिकवीत. पुढे त्यांनी पियाजिओ सोडली. तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. एवढ्या वयात माणसे आठवणी लिहावयास बसतात. दास्कानिओ हेलिकॉप्टर बनविणाऱ्या आगुस्ता कंपनीत सल्लागार म्हणून गेले आणि तेथे त्यांनी शिक्षणासाठी व शेतीच्या कामासाठी उपयोगी पडेल असे एक छोटे हेलिकॉप्टर आखले. त्याचाही कारखान्यात घाऊक प्रमाणावर जन्म झाला नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये पिझा येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुण्यात त्या वर्षीही चेतकसाठी नावे नोंदविली जात होती.